फी जनावराचा मालक देतो, मग पशुवैद्यकाला समाजाने का सांभाळायचे?

प्रश्न असा आहे: “पशुवैद्यकाची फी जनावराचा मालक देतो. मग हा व्यवसाय टिकवायला सगळ्यांच्या पैशातून खर्च कशासाठी? आणि करायचाच तर नेमका कुठे?” विचारणाऱ्यांनी पुढे लिहिले आहे की त्यांच्या भागात मोठी जनावरे बघणारे एकच डॉक्टर उरलेत, तेही साठीच्या पुढचे, आणि त्यांच्यानंतर कोण हे कुणालाच माहीत नाही.

मी सत्तावीस वर्षे या कामात आहे. पहिली अठरा गोठ्यांमध्ये आणि कुरणांवर गेली. नंतरची कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात, आणि जोडीला नव्या पदवीधरांना हाताशी घेऊन शिकवण्यात. इतक्या वर्षांनंतर मला या प्रश्नाचे उत्तर असे दिसते: आमच्या कामाचा एक भाग विकत घेणारा माणूस समोर उभा असतो, आणि दुसऱ्या भागाला गिऱ्हाईकच नसते. तो दुसरा भाग सगळ्यांनी मिळून विकत घेतला नाही तर तो होतच नाही. तो कसा असतो, ते एका गोठ्यातून सांगते.

गाय गाभडली आहे, वार अडकली आहे, लवकर या, असा निरोप आला होता. सातव्या महिन्यात गर्भपात झाला होता, आणि गर्भामागून पडायची वार, म्हणजे गर्भाचे वेष्टन, आतच राहिली होती. मी पोहोचले तेव्हा मालकाची अपेक्षा एवढीच होती की डॉक्टरांनी हात घालून वार ओढून काढावी. वार अशी जोर लावून ओढायची नसते. गर्भाशयाला इजा होते, आणि काढणाऱ्याच्या हाताला जे लागू शकते ते त्याहून वाईट. मी लांब हातमोजे घालून तपासले, ताप पाहिला, औषध दिले. मग विचारले, याआधी कुणी गाभडली होती का? दोन महिन्यांतली ही तिसरी होती. पहिल्या दोन वेळी कुणाला बोलावलेच नव्हते.

पुढचे दोन तास मी तिथेच होते. पडलेल्या गर्भाच्या पोटातल्या द्रवाचा नमुना घेतला, गायींचे रक्त घेतले. गर्भ आणि सांडलेले पाणी चुना टाकून खोल पुरायला लावले, वार पडेल तेव्हा तिचेही तसेच करायला सांगितले, आणि कुत्री तिथे उकरणार नाहीत हे पाहिले. घरात एक गरोदर बाई होती. तिला गोठ्यापासून लांब ठेवा म्हटले. दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका, आणि या गायींपैकी एकही बाजारात नेऊ नका, हे तीन वेळा सांगितले, कारण दुसऱ्यांदा सांगितल्यावर मालकाच्या चेहऱ्यावरून कळले की एकीचा सौदा ठरला होता. नमुने प्रयोगशाळेत पोहोचवायला आणखी अर्धा दिवस गेला. निदान आले ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताचा रोग. मालकाने मला पहिल्या वीस मिनिटांची फी दिली होती, तीही वार काढली नाही म्हणून नाराजीनेच.

आता त्या दोन तासांचा लाभ कुणाकुणाला झाला ते बघा. ब्रुसेलोसिस माणसाला होतो तेव्हा ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. सांधे आणि पाठ धरते. दोन-दोन प्रतिजैविके निदान सहा आठवडे घ्यावी लागतात, आणि तरी काहींना तो उलटतो. ते दूध पिणारी घरे, ती गाय विकत घेणारा माणूस, त्याच्या गोठ्यातल्या बाकीच्या गायी, पुढच्या वेळी कुणाची तरी वार साफ करणारी बाई, यांपैकी कुणीही मला ओळखत नव्हते. त्यांच्यापर्यंत रोग पोहोचला नाही, म्हणून त्यांना काही झाले हेच कळले नाही. त्यांच्याकडे फी कशी मागणार? आणि मालकाकडे तरी कशी, जेव्हा माझ्या सल्ल्याने त्याचा ठरलेला सौदा मोडला होता?

लशीचेही तसेच. ब्रुसेलोसिसची प्रचलित लस कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच देतात. ज्याच्या गोठ्यात अजून कुणी गाभडलेले नाही त्याला ती फुकटचा खर्च वाटते. मंगोलियातल्या अशा लसीकरणाचा हिशेब २००३ साली प्रसिद्ध झाला. एकट्या मानवी आरोग्याच्या खात्यावर टाकला तर तो खर्च जड वाटतो. पण पशुपालकांचे वाढलेले उत्पन्न, रुग्णांच्या उपचारांवरचा वाचलेला पैसा आणि आजारपणात बुडणारी कमाई एकत्र मांडली तेव्हा एकूण लाभ खर्चाच्या तिपटीहून जास्त निघाला. प्रत्येक खाते आपापल्या चौकटीत पाहत बसले असते तर कुणीच पैसे काढले नसते. आमच्या व्यवसायाचे दुखणे या एका उदाहरणात बऱ्यापैकी सापडते.

फी आकारली की काय होते, याचा जवळजवळ प्रयोगच म्हणता येईल असे उदाहरण चाड देशाची राजधानी एन्जामेना इथले आहे. रेबीजने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे दगावतात असा अंदाज आहे आणि बहुतेक सगळ्यांना तो कुत्र्याच्या चाव्यातून होतो. परिसरातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की कुत्र्यांमधली साखळी तुटू लागते. एन्जामेनात लशीचे पैसे मालकांकडून घेतले तेव्हा पाव हिस्सा कुत्रीसुद्धा आली नाहीत. २०१२ आणि २०१३ साली मोफत मोहिमा घेतल्या तेव्हा प्रमाण सत्तरीच्या घरात गेले आणि शहरात संसर्ग काही काळ थांबला. कुत्रा चावल्यावर माणसाला द्यायच्या लशी आणि प्रतिद्रव्ये कितीतरी महाग असतात, आणि त्याने कुत्र्यांमधला रोग तसूभरही हटत नाही. म्हणून कुत्र्याची लस हा मुळात माणसाच्या आरोग्याचा खर्च आहे, असे मी मानते.

“टिकवणे” हा शब्द प्रश्नात आहे. त्यावर मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण उभारणीला पैसे मिळतात आणि टिकवायला मिळत नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

बुळकांडी, म्हणजे गुरांचा एक साथीचा रोग, आज कुठल्याच विद्यार्थ्याने पाहिलेली नाही. ताप, डोळ्यांतून पाणी, तोंडात व्रण, मग जुलाब, आणि दोन आठवड्यांच्या आत गोठेच्या गोठे रिकामे. आमचा व्यवसाय एका अर्थी या रोगानेच जन्माला घातला. अठराव्या शतकात युरोपातली गुरे तिने साफ होत असताना १७६१ साली क्लोद बूर्झला यांना फ्रान्समधल्या लिऑनमध्ये पशुवैद्यकाची शाळा काढायची राजाज्ञा मिळाली. ती जगातली अशी पहिली शाळा. १९२० साली अँटवर्प बंदरातून पुढे जाणाऱ्या जनावरांमार्फत बुळकांडी बेल्जियममध्ये शिरली, देश हादरले, आणि १९२४ साली २८ देशांनी पॅरिसमध्ये करार करून ती आंतरराष्ट्रीय संस्था उभी केली, जिला आज जागतिक पशु आरोग्य संघटना म्हणतात. पुढे वॉल्टर प्लाउराइट या पशुवैद्यकाने केनियात पेशींच्या संवर्धनावर वाढवलेली सुरक्षित लस तयार केली, आणि १९६२ ते १९७६ या काळात आफ्रिकेत मोठी संयुक्त मोहीम झाली. रोग जवळजवळ संपला.

जवळजवळ. थोड्या दुर्गम पट्ट्यांत तो राहिला होता. पण आकडे इतके खाली आले की पैसा दुसरीकडे वळला, गाड्या उभ्या राहिल्या, पदे भरली गेली नाहीत, दरवर्षीचे लसीकरण ढिले पडले. १९८० च्या सुमारास बुळकांडी त्या पट्ट्यांतून बाहेर पडली आणि आफ्रिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पसरली. अर्धवट सोडलेल्या कामाची किंमत पशुपालकांनी आपल्या कळपांनी चुकवली. त्यानंतर पुन्हा सगळे उभे करावे लागले: नवी मोहीम, काही आठवडे शीतपेटीशिवाय टिकणारी लस, इथिओपियाच्या अफार भागात आणि दक्षिण सुदानमध्ये गुराख्यांमधूनच तयार केलेले लसटोचक, आणि रोग संपल्यावरही वर्षानुवर्षे चाललेली पाहणी. शेवटचा आढळ २००१ साली केनियात झाला आणि २०११ साली निर्मूलन जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसरा रोग. त्या मधल्या दहा वर्षांत रोग कुठेही नव्हता आणि तरी माणसे पगारावर होती, गावोगाव फिरत होती, नमुने घेत होती. “काहीच सापडत नाही, मग यांना कशाला पोसायचे” असे कुणी म्हटले असते तर ती घोषणा झालीच नसती.

दुसरी एक गोष्ट न्यूयॉर्कची, १९९९ च्या उन्हाळ्यातली. शहरात कावळे मरून पडत होते. थोड्या दिवसांनी माणसांमध्ये मेंदूच्या दाहाचे रुग्ण दिसू लागले आणि त्यांचे निदान सेंट लुइस एन्सेफलायटिस असे झाले. ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयातल्या पशुविकृतितज्ज्ञ, म्हणजे मेलेले प्राणी तपासून रोग शोधणाऱ्या, ट्रेसी मॅक्नमारा यांना ते पटेना. त्यांच्याकडे फ्लेमिंगो मेले होते, आणि तो विषाणू सहसा पक्ष्यांना मारत नाही. घोड्यांना होणाऱ्या दुसऱ्या एका मेंदूज्वराचा संशय घ्यावा, तर त्याने आधी एमू मरायला हवे होते. एमू ठणठणीत होते. म्हणजे हे दोन्ही नव्हे, तिसरेच काही. त्यांनी नमुने पशुवैद्यकीय प्रयोगशाळेकडे पाठवले, पाठपुरावा केला, आणि अखेर निष्पन्न झाले की तो वेस्ट नाइल विषाणू होता, अमेरिका खंडात त्याआधी कधीच न सापडलेला. मेलेले पक्षी उघडून बघणारी, आणि एमू कशाने मरतो हे पाठ असणारी व्यक्ती त्या दिवशी नोकरीवर होती, म्हणून हे झाले. अशी जागा निर्माण करून ती वीस वर्षे भरलेली ठेवणे कंटाळवाणे असते. प्राण्यांमधून माणसांत येणाऱ्या नव्या रोगांची पहिली खूण बहुधा अशाच एखाद्या जागेवरच्या माणसाला दिसते.

आता “कुठे खर्च करावा” याकडे वळते. सगळ्यात आधी, पशुवैद्यकाच्या त्या दोन तासांचे पैसे द्या. प्रत्येक संशयित गर्भपात, प्रत्येक अचानक मृत्यू, प्रत्येक शवविच्छेदन, प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवलेला प्रत्येक नमुना, यांचे ठरलेले मानधन सार्वजनिक निधीतून मिळाले पाहिजे, डॉक्टर सरकारी असो वा खासगी. फ्रान्समध्ये खासगी पशुवैद्यकांना शासनाच्या वतीने क्षयाच्या चाचण्या, लसीकरण, साथीच्या रोगांची पाहणी अशी कामे सोपवण्याची जुनी पद्धत आहे. त्याने दोन गोष्टी साधतात. रोगावर नजर राहते, आणि ज्या भागात नुसत्या उपचारांवर दवाखाना चालणार नाही तिथे डॉक्टरला एक स्थिर उत्पन्न मिळते.

याला जोडून पशुपालकाच्या भरपाईचा विषय येतो. रोग कळवला की कळप जाणार आणि हातात काही येणार नाही, असे असेल तर माणूस तो लपवणार. आणि कळवणारा डॉक्टर त्या भागात खबऱ्या ठरणार. मी एकदा एका संशयित साथीची खबर दिली. ती खरी निघाली, नियमाप्रमाणे जनावरे बंदीत ठेवली गेली, आणि भरपाईचे काम एका कार्यालयात वर्षभर पडून राहिले. त्या वर्षात त्या पंचक्रोशीतून मला आलेले निरोप निम्म्यावर आले. माझे त्या माणसांशी भांडण नव्हते. त्यांच्या जागी मीही तसेच वागले असते. वेळेवर आणि पुरती मिळणारी भरपाई हा रोग लवकर सापडण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तो पशुवैद्यकाच्या आधारखर्चातच धरला पाहिजे.

औषधविक्रीबद्दल माझे मत अनेक सहकाऱ्यांना आवडत नाही. तपासणीची फी नाममात्र ठेवायची आणि दवाखाना औषधाच्या नफ्यावर चालवायचा, ही सवय जगात खूप ठिकाणी आहे. लोकांना ती सोयीची वाटते, कारण हातात बाटली आली की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण मग “याला इंजेक्शनची गरज नाही, गोठा कोरडा ठेवा आणि सड धुऊन दूध काढा” असे सांगणारा डॉक्टर उपाशी राहतो आणि प्रत्येक कासदाहाला नवे प्रतिजैविक टोचणारा तगतो. जंतू औषधांना दाद देईनासे होतात तेव्हा त्याचे बिल माणसांच्या अतिदक्षता विभागात फाटते. डेन्मार्कने १९९५ मध्ये पशुवैद्यकांचा औषधविक्रीतला नफा कायद्याने अगदी थोडा करून टाकला आणि कळपांना ठरावीक भेटी देऊन सल्ला देण्याचे करार रुजवले. तिथला डुकरांचा व्यवसाय बुडाला नाही. डेन्मार्क आजही डुकराच्या मांसाचा मोठा निर्यातदार आहे. मात्र क्रम महत्त्वाचा आहे. आधी सल्ल्याला पैसे मिळण्याची सोय करा, मग विक्रीवर बंधन आणा. उलट केले तर दवाखाने बंद पडतील आणि औषधे बिनचिठ्ठीची विकली जातील.

एखादे औषध गोठ्याबाहेर काय करू शकते हे दक्षिण आशियाने पाहिले. गुरांना वेदनेसाठी दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. दीडेक दशकात गिधाडांच्या काही जाती ९५ टक्क्यांहून जास्त घटल्या. कारण शोधणाऱ्या पथकाचे नेतृत्व लिंडसे ओक्स या पशुवैद्यकाने केले. ते संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. २००६ साली भारत, पाकिस्तान आणि नेपाळने गुरांसाठी त्याचा वापर बंद केला आणि मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय पुढे आला. त्या गोळ्या आणि इंजेक्शने देणाऱ्यांत वाईट हेतूचा कुणी नव्हता. लंगडणाऱ्या बैलाला आराम मिळत होता, एवढेच त्यांना दिसत होते. औषधांचा माग ठेवणारी, प्रश्न विचारायला वेळ असणारी माणसे व्यवसायात असावी लागतात, आणि तो वेळ कुठलाही एक मालक विकत घेणार नाही.

आता माणसांबद्दल, म्हणजे स्वतः पशुवैद्यकांबद्दल. महाविद्यालये वाढवली की तुटवडा संपेल असे धोरण आखणाऱ्यांना वाटते. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलामुलींकडे पाहून मी सांगते, गळती पहिल्या दोन-तीन वर्षांत होते. पदवी मिळाल्यावर पाचव्या महिन्यात मी एकटी होते. रात्री एक गाय अडली होती, गर्भाशयाला पीळ बसला होता. पुस्तकात पीळ सोडवण्याची रीत मी वाचली होती, हाताने कधी केली नव्हती. चुकीच्या बाजूला लोळवली, वेळ गेला, वासरू गेले, पहाटे गायही गेली. मालक काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणे मला कितीतरी दिवस पुरले. तीन दिवसांनी एका वयस्कर सहकाऱ्यांनी मला बोलावून खाटकाकडून आणलेल्या गर्भाशयावर पीळ कुठल्या बाजूचा आहे हे बोटांनी कसे ओळखायचे ते दाखवले. त्यांनी ते स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, विनामोबदला केले. मी या कामात राहिले त्याचे श्रेय त्या दुपारचे. अशी दुपार नशिबावर सोडू नये. नव्या पदवीधराला पहिली दोन वर्षे अनुभवी माणसाच्या शेजारी ठेवणे, आणि त्या अनुभवी माणसाला शिकवण्याच्या वेळेचे पैसे देणे, यासारखा परतावा देणारा दुसरा खर्च मला माहीत नाही. आणि दुर्गम जागी कधीही एकट्याला पाठवू नका. दोघांना पाठवा, म्हणजे एक रात्र तरी झोपता येते.

आज अनेक देशांत शिकणाऱ्यांत मुलींची संख्या मुलांहून जास्त आहे, आणि व्यवस्था मात्र असे धरून चालते की डॉक्टर कधी गरोदर राहत नाही. गरोदरपणात ब्रुसेलोसिसची जिवंत लस हाताळणे, मेंढ्यांचे गर्भपात उपसणे, क्ष-किरणाच्या खोलीत जनावर धरून उभे राहणे, गळक्या नळीतला भुलीचा वायू हुंगणे, हे सगळे टाळायचे असते. बदली डॉक्टर नसेल तर ती बाई एक तर धोका पत्करते किंवा काम सोडते. मी आठव्या महिन्यापर्यंत गोठ्यात जात होते, कारण दुसरे कुणी नव्हते. माझे निभावले, सगळ्यांचे निभावत नाही. बदली डॉक्टरांचा एक संच सार्वजनिक खर्चाने ठेवला तर वीस-वीस वर्षांचा अनुभव वाचतो.

जीवाचा धोकाही खरा आहे. २००८ आणि २००९ साली ऑस्ट्रेलियात दोन पशुवैद्यक आजारी घोड्यांवर उपचार करताना हेंड्रा विषाणूची लागण होऊन दगावले. संरक्षक कपडे, रेबीजची प्रतिबंधक लस, अपघात विमा हे प्रत्येकाने आपापल्या खिशातून बघावे असे ठेवले की खिसा हलका असलेला आधी यातच काटकसर करतो.

आणि मनाचा. अमेरिकेतल्या १९७९ ते २०१५ या काळातल्या नोंदींच्या अभ्यासात, सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत पशुवैद्यकांमध्ये आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पुरुषांत दुपटीच्या थोडे वर आणि स्त्रियांत साडेतीनपट आढळले. ब्रिटनमधले अभ्यासही प्रमाण जास्त असल्याचेच सांगतात. कारण एकच नसते. डोक्यावर शिक्षणाचे कर्ज, एकटेपणा, सततची रात्रपाळी, बरे होऊ शकणारे जनावर केवळ पैसे नाहीत म्हणून झोपवावे लागणे, आणि मग मालकाचा रागही आपणच झेलणे. दयामरण देऊन हात धुतो आणि पाच मिनिटांनी शेजारच्या खोलीत पिल्लाच्या पहिल्या लशीला हसून सामोरे जातो. या दोहोंमध्ये पंधरा मिनिटांची मोकळीक ठेवायची, हा नियम मी दवाखान्यात केला आहे. त्या दिवशी कुणी कुणावर दयामरण केले, हे संध्याकाळी एकमेकांना विचारतो. एवढ्याने सगळे सुटत नाही. ज्याला फार अंधारून आले आहे त्याने आमच्यापैकी कुणाला तरी, किंवा मनोविकारतज्ज्ञांना, त्याच दिवशी सांगावे, आणि सांगितल्याने परवाना धोक्यात येणार नाही अशी हमी नोंदणी परिषदांनी लेखी द्यावी, असे मी प्रत्येक बैठकीत मांडते.

तुटवड्याच्या भागांसाठी काय चालते? अमेरिकेने २००३ साली कायदा करून तुटवड्याच्या भागात काम करणाऱ्या पशुवैद्यकांचे शैक्षणिक कर्ज फेडण्याची योजना आणली. फ्रान्सने २०२० च्या कायद्याने स्थानिक संस्थांना ग्रामीण पशुवैद्यकांना आणि तिथे यायला तयार असणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत करण्याची मुभा दिली. दोन्ही चांगले आहे. नुसत्या बंधपत्रावर, “इतकी वर्षे राहा नाही तर दंड”, माझा विश्वास नाही. मुदतीच्या दुसऱ्या दिवशी लोक जातात. राहायला घर, जोडीदाराला काम, मुलांना शाळा आणि शेजारच्या डॉक्टरशी रात्रपाळीची वाटणी, एवढे असेल तर दंडाची गरज पडत नाही.

सहायकांबद्दल आमच्या व्यवसायात भीती आहे की ते आमचे काम खातील. अफारच्या गुराख्यांनी टोचलेल्या लशींशिवाय बुळकांडी गेली नसती, हे मी आधीच सांगितले. लसीकरण, जखमा, खूर कापणे, जंतनाशक देणे, नोंदी ठेवणे हे प्रशिक्षित सहायक उत्तम करतात. अट एकच: त्यांच्यावर देखरेख करणारा पशुवैद्यक नावाने ठरलेला असावा आणि त्या देखरेखीचे त्याला पैसे मिळावेत. १९८० आणि ९० च्या दशकांत अनेक देशांनी सरकारी पशुसेवा आखडल्या आणि खासगी डॉक्टर ती जागा भरतील असे मानले. डॉक्टर शहरांकडे आणि सधन कळपांकडे गेले. बाकीच्या ठिकाणी ना डॉक्टर राहिला ना देखरेख, आणि बाटल्या विकणारे मात्र पोहोचले.

प्रश्नकर्त्यांच्या त्या साठीपुढच्या डॉक्टरांविषयी शेवटी. धोरणे बदलायला वर्षे लागतील; तुम्ही पशुपालकांनी एकत्र येऊन त्यांच्याशी वार्षिक करार करा. आजार असो वा नसो, ठरावीक भेटी, ठरावीक रक्कम, आणि भेटीत सांगितलेले वहीत उतरवायचे. चार-पाच वर्षांच्या त्या वह्या नव्या डॉक्टरला दाखवता आल्या तर इथे उत्पन्न आहे हे त्याला आकड्यांत कळेल, आणि सध्याचे डॉक्टर त्याला वर्षभर सोबत फिरवायला राजी होतील. चार दिवसांपासून न खाणाऱ्या जनावरासाठी पाचव्या रात्री बारा वाजता फोन करू नका. पहिल्या दिवशी सकाळी करा. ते येतील तेव्हा जनावर पकडून, बांधून, उजेडात ठेवा. माझ्या ओळखीच्या ज्या डॉक्टरांनी हे काम वेळेआधी सोडले, त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या गुडघ्याला किंवा बरगडीला मोकळ्या जनावराची लाथ बसलेली आहे. गरम पाणी, साबण आणि स्वच्छ फडके तयार ठेवा. काम झाल्यावर हात धुताना त्यांना विचारा, या गोठ्यात आज आणखी काय दिसले. ते सांगायला लागले की बसून ऐका, आणि त्या वेळेचे पैसेही बिलात धरायला सांगा.